तीनशे प्रतिसादांच्या चर्चेतून हवं ते पटकन कसं काढायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागातल्या एका अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी मी तासभर बसतो. ज्याचं जे अडलं असेल ते मोबाइलवर नाहीतर लॅपटॉपवर सोडवून द्यायचं, एवढंच काम. स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, निवृत्त काका येतात, काटोल-कळमेश्वरकडचे बागायतदारही येतात. गेल्या काही महिन्यांत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी येऊन राहिली आहे: "माहिती नेटवर आहे जी, पण तीनशे लोकांच्या बोलण्यात कुठंतरी बुडून गेली आहे." व्हॉट्सॲपवरही तेच. दर वेळी नव्यानं टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो.

कळांची नावं देवनागरीत दिली आहेत. मॅकवाल्यांनी बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड वाचावं.

१. धागा उघडला की चारशे प्रतिसाद. सुरुवात कुठून करायची?

धागा म्हणजे एका विषयावरची एक चर्चा, धागाकर्ता म्हणजे ती सुरू करणारा. पहिली पोस्ट वाचा आणि थेट शेवटच्या पानावर जा. मधलं नंतर.

कादंबरी पहिल्या पानापासून वाचावी लागते, चर्चेला तो नियम नाही. चर्चा म्हणजे पानठेल्यावरची गप्पा: कोणी मूळ विषयावर बोलतो, कोणी शेजारच्याला उत्तर देतो, दोघं भांडतात, आणि ज्याचा प्रश्न होता तो अर्ध्या तासानं परत येऊन म्हणतो, "झालं बापा, सुटलं." तुम्हाला हवं असतं ते हे शेवटचं वाक्य. म्हणून पहिल्या पोस्टनंतर धागाकर्त्याचेच पुढचे प्रतिसाद शोधा. त्याचं सदस्यनाम कॉपी करून पानात शोधलं (प्रश्न २) की चारशेतले त्याचे आठ-दहा हाती लागतात. काय करून पाहिलं, काय फसलं, शेवटी काय चाललं, हे त्या आठ-दहांतच असतं. बऱ्याच ठिकाणी धागाकर्त्याच्या नावापुढे वेगळी खूण असते, ती एकदा ओळखून ठेवा.

त्याआधी अर्धा मिनिट स्वतःला विचारा: मला नेमकं काय पाहिजे? एक आकडा, एक पत्ता, की लोकांचा एकूण कल? आकडा हवा असेल तर वाचायचंच नाही, शोधायचं. कल हवा असेल तर शोधून भागत नाही, वीस-तीस प्रतिसाद वाचावेच लागतात.

२. उघडलेल्या पानात एखादा शब्द कसा शोधू?

संगणकावर कंट्रोल-एफ. शब्द टाकला की एंटरनं पुढचा, शिफ्ट-एंटरनं मागचा. शेजारी "३/१७" असं दिसतं ते पाहत जा. शब्द १७ वेळा आला असेल तर चाळा, १७० वेळा आला असेल तर दुसरा, जास्त नेमका शब्द घ्या. फायरफॉक्समध्ये नुसती / ही कळ दाबली तरी छोटी शोधपट्टी उघडते.

मोबाइलवर क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेनूत पानात शोधायचा पर्याय असतो, आयफोनच्या सफारीत शेअरच्या बटणाखाली. ही सोय अनेकांना ठाऊकच नसते. एक काका दोन वर्षं अंगठ्यानं पानं ढकलून राहिले होते.

शब्द समोर असूनही सापडत नसेल तर प्रश्न ६ आणि ७ पाहा.

३. माऊसचं चाक फिरवून बोट दुखतं. दुसरा काही मार्ग?

स्पेसबार दाबला की पान एक पडदाभर खाली सरकतं, शिफ्ट-स्पेसबारनं वर. होमनं माथ्यावर, एंडनं तळाशी. आयफोनवर घड्याळाच्या पट्टीवर टिचकी मारली की माथ्यावर पोचता.

खरा वेळ वाचतो तो टॅबमध्ये. यादीतला एक धागा उघडायचा, वाचायचा, मागे यायचं, यादी परत लोड होईस्तोवर थांबायचं, हे सोडून द्या. यादीत वरून खाली जाताना कामाच्या धाग्यांवर कंट्रोल दाबून क्लिक करत चला (किंवा चाकच दाबा), सगळे मागे वेगळ्या टॅबमध्ये उघडून तयार राहतात. मग कंट्रोल-टॅबनं एकेक पाहायचा, कंट्रोल-डब्ल्यूनं बंद करायचा. चुकून बंद केला तर कंट्रोल-शिफ्ट-टी, गेलेला टॅब परत येतो. ही एक कळ दाखवली की लोक जितके खूश होतात, तितके बाकी कशानंच होत नाहीत.

४. कोणीतरी सांगितलं 'जे' आणि 'के' दाबूनच सगळं वाचता येतं. ते काय आहे?

बऱ्याच संकेतस्थळांवर जे दाबलं की पुढचा प्रतिसाद, के दाबलं की मागचा. ही चाल जुनी आहे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्हीआय नावाचा मजकूर-संपादक लिहिला. ते ज्या टर्मिनलवर (पडदा आणि कीबोर्डचं जुनं यंत्र) काम करत होते त्याच्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. जे म्हणजे खाली, के म्हणजे वर. ते टर्मिनल भंगारात गेलं, सवय राहिली. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) ही कळ चालते, जीमेलमध्येही चालते, मात्र तिथे सेटिंगमध्ये जाऊन आधी सुरू करावी लागते.

२०१३ मध्ये आलेल्या डिस्कोर्स या प्रणालीवर आज पुष्कळ चर्चास्थळं चालतात. तिथे जे-के शिवाय जी दाबून मग यू म्हणजे न वाचलेलं, जी मग एन म्हणजे नवीन, जी मग एल म्हणजे ताजं, / म्हणजे शोध. # दाबून आकडा टाकला की त्याच क्रमांकाच्या प्रतिसादावर.

पाठ करत बसू नका. अनोळखी संकेतस्थळावर ? दाबून पाहा. सोय असेल तर कळांची पूर्ण यादी समोर येते. त्यातल्या दोन-तीन उचला, बाकी सोडा.

५. मी 'जे' दाबून राहिलो, काहीच होत नाही. कीबोर्ड बिघडला काय?

कीबोर्ड बरा आहे, भाषा मराठीवर आहे.

हे मला स्वतःला उमगायला अर्धा तास लागला होता. एका मुलीचा लॅपटॉप, जे दाबतोय, के दाबतोय, पान ढिम्म हलत नाही. शेवटी शोधचौकटीत तीच कळ दाबली तर 'र' उमटला. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत जेच्या कळीवर र आहे, केवर क, आणि / च्या कळीवर य. संकेतस्थळ 'जे' या अक्षराची वाट पाहत असतं, त्याला मिळतो 'र', ते गप्प बसतं. विंडोजमध्ये विंडोज-स्पेसबारनं भाषा इंग्रजी केली की गाडी चालू. कंट्रोल-एफसारख्या जोडकळा मराठी चालू असतानाही सहसा चालतात, म्हणून घोळ लवकर लक्षात येत नाही.

दुसरं कारण: कर्सर लिहायच्या चौकटीत अडकलेला असतो. एस्केप दाबा किंवा पानाच्या रिकाम्या जागी क्लिक करा.

६. तो शब्द मी आत्ताच वाचला होता, आणि कंट्रोल-एफ म्हणते नाही! असं काऊन?

ब्राउझर फक्त पानात उतरलेला मजकूर शोधतो. आजची बरीच चर्चास्थळं सगळं एकदम उतरवत नाहीत. खाली जाल तसं पुढचं येतं आणि कधी कधी वरचं निघून जातं. डिस्कोर्सच्या लांब धाग्यात म्हणूनच कंट्रोल-एफ दाबल्यावर त्यांचीच शोधचौकट उघडते, ती पूर्ण धागा धुंडाळते. ब्राउझरची नेहमीची पट्टी हवी असेल तर कंट्रोल-एफ पुन्हा एकदा दाबा.

रेडिट या चर्चास्थळावर लांब उपशाखा मिटलेल्या असतात. "आणखी उत्तरं" उघडल्याशिवाय त्या शोधात येत नाहीत. जुन्या पद्धतीच्या स्थळांवर धागा पानापानांत चिरलेला असतो, तुम्ही तिसऱ्या पानावर आणि शब्द सातव्यावर. आणि चौथं, साधंच कारण: तुम्ही वाचलं ते कोणीतरी टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये होतं. चित्रातली अक्षरं या शोधाला दिसत नाहीत.

७. मराठी शब्द शोधताना अर्धे निकाल गायब होतात. इंग्रजीत तसं होत नाही.

बरोबर, आणि यावर जरा थांबतो, कारण बाहेरच्या मार्गदर्शक लेखांत हे येतच नाही.

पहिलं, सामान्यरूप. "पाणी" शोधलं तर "पाण्याचा", "पाण्यामुळे" हे सापडणार नाहीत, कारण णी जाऊन ण्या आला. "पाण्या" असा दुसरा शोध घ्यावाच लागतो. तसंच रस्ता-रस्त्या, गाडी-गाड्या.

दुसरं, दिसायला एक पण आतून दोन. "दुसऱ्या" मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि त्याला चिकटलेलं न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक नाही, यंत्राला आहे. "ॲप"चंही तेच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) २००८ साली आलं. त्याआधीचे लोक, आणि आजही बरेच कीबोर्ड, अ वर चंद्र ठेवतात. उपाय साधा: असा शब्द स्वतः टाइप न करता त्याच धाग्यातून कॉपी करून शोधात चिकटवा, किंवा ते अक्षर टाळून शब्दाचा उरलेला तुकडा शोधा.

तिसरं, लिहिणाऱ्याची लकब. कोणी "केलं" लिहितो, कोणी "केले". कोणी अख्खं मराठी रोमन लिपीत लिहितो. त्यामुळे क्रियापदं शोधू नका; नाव, आकडा, मॉडेल क्रमांक शोधा.

चौथं, आपल्या इकडचं. एका ताईंना सांभारवडीची कृती सापडत नव्हती. राज्यभरच्या मंडळींच्या चर्चेत ती "कोथिंबीर" आणि "पुडाची वडी" या शब्दांखाली होती. आलू म्हणाल तर बटाटा सुटतो. विदर्भाबाहेरच्या लोकांत शोधताना त्यांचा शब्दही टाकून पाहा.

आणि फार जुना मजकूर कृतिदेवसारख्या बिगर-युनिकोड फाँटमधला असेल तर तो यंत्राच्या लेखी मराठी नाहीच, नुसती इंग्रजी अक्षरं आहेत. तिथे विषयसूची चाळण्यावाचून इलाज नाही.

८. संकेतस्थळाचा स्वतःचा शोध काहीच देत नाही. मग?

गुगलकडून शोधून घ्या. शोधात इंग्रजीत 'साइट' लिहा, लगेच कोलन, जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता, मग एक जागा सोडून तुमचे शब्द. निकाल फक्त त्या स्थळावरचे येतात. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर दुहेरी अवतरणात टाका. नको असलेल्या शब्दाआधी - लावा: "कूलर -विक्री".

जुन्या स्थळांचा शोध का फसतो याचं एक गमतीशीर कारण आहे. त्यातली बरीच मायएसक्यूएल या माहिती साठवायच्या प्रणालीवर चालतात, आणि त्याच्या जुन्या मायआयसॅम पद्धतीत चार अक्षरांहून लहान शब्द शोधाच्या सूचीत घेतच नाहीत, मुद्दाम बदल केल्याशिवाय. त्यामुळे इंग्रजीतले जीएसटी, टीडीएस, पीएफ शोधा, शून्य निकाल! तुम्हाला वाटतं विषयच निघाला नाही, आणि तिथे पन्नास धागे पडलेले असतात. अशा वेळी शेजारचा मोठा शब्द वापरा किंवा गुगलचा रस्ता धरा. अर्थात, सदस्यांपुरता मर्यादित मजकूर गुगललाही दिसत नाही.

९. जुनी उत्तरं वर येऊन राहतात. ताजी माहिती कशी काढू?

समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. "समृद्धीनं मुंबईला जाताना कुठे उतरायचं?" या प्रश्नाला २०२३ मध्ये दिलेलं उत्तर त्या दिवशी शंभर टक्के बरोबर होतं. आज तसं गेलात तर उगाच मधेच उतराल.

गुगलमध्ये इंग्रजी 'आफ्टर', कोलन आणि तारीख (वर्ष-महिना-दिवस) टाकली की त्यानंतरचं येतं. 'बिफोर' टाकलं की आधीचं. डिस्कोर्सच्या शोधातही हेच दोन शब्द चालतात. एक सावधगिरी: चर्चेच्या पानाची गुगलनं धरलेली तारीख पहिल्या पोस्टचीच असेल असं नाही. म्हणून पान उघडल्यावर प्रत्येक प्रतिसादाची तारीख स्वतः पाहा. "दोन वर्षांपूर्वी" एवढंच दिसत असेल तर त्यावर माऊस ठेवा, बहुतेक ठिकाणी पूर्ण तारीख उमटते.

कधी कधी जुनंच हवं असतं. माल बाजारात आल्यावर पहिल्या आठवड्यातल्या कौतुकापेक्षा दोन उन्हाळे काढलेल्या माणसाचं मत मोलाचं. कूलरच्या बाबतीत तर नागपुरात एक मे महिनासुद्धा पुरतो.

१०. "सर्वोत्तम", "सर्वाधिक पसंती", "नवीन" यांत फरक काय? कोणतं लावू?

सर्वाधिक पसंतीच्या क्रमात लवकर आलेल्या उत्तराचा फायदा होतो. ते आधी दिसतं, म्हणून त्याला मतं मिळतात, म्हणून ते वर राहतं. रेडिटनं २००९ मध्ये यावर "सर्वोत्तम" हा क्रम आणला. कल्पना व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी सुचवलेली, गणित संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांचं १९२७ सालचं. नुसती मतं न मोजता, पसंतीचं प्रमाण किती आणि ते किती मतांवर बेतलेलं आहे, दोन्ही धरायचं. त्यामुळे १० पैकी १० मतं मिळालेलं उशिराचं उत्तर १०० पैकी ६० मिळालेल्या जुन्या उत्तराच्या वर जाऊ शकतं.

माझा रिवाज असा: माहिती हवी तर सर्वोत्तम, चालू घडामोड असेल तर नवीन, आणि औषध-पैसा-कायदा यांतला विषय असेल तर "वादग्रस्त" हा क्रमही एकदा लावून पाहतो. आक्षेप तिथे असतात.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या स्थळावर हिरवी बरोबरची खूण म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचं काम त्या उत्तरानं झालं, एवढाच अर्थ. पूर्वी ते उत्तर कायम माथ्यावर असायचं. २०२१ पासून तसं राहिलं नाही, कारण दहा वर्षांपूर्वीचं स्वीकारलेलं उत्तर आज चुकीचं असू शकतं. खालच्या छोट्या टिप्पण्या जरूर वाचा, दुरुस्ती बहुधा तिथेच असते.

११. काल कुठवर वाचलं होतं ते आठवत नाही. दर वेळी पहिल्यापासून?

आधी लॉगिन करा. नुसते पाहुणे म्हणून वाचत असाल तर स्थळ तुमची जागा लक्षात ठेवत नाही. लॉगिन असेल तर धाग्याच्या नावाशेजारी "५ नवीन" अशी खूण येते. धाग्याच्या नावावर नाही, त्या खुणेवर क्लिक करा, थेट पहिल्या न वाचलेल्या प्रतिसादावर उतरता. पीएचपीबीबी या जुन्या प्रणालीतही धाग्याशेजारी छोटं चिन्ह असतं, त्याचं काम हेच.

अपवाद: ड्रुपल या प्रणालीत मुळात ३० दिवसांपेक्षा जुनं सगळं वाचलेलंच धरलं जातं. दिवाळीत गावी गेलात आणि दीड महिन्यानं उघडलंत तर खुणा नाहीशा झालेल्या दिसतील. अशा धाग्यांसाठी शेवटच्या वाचलेल्या प्रतिसादाचा दुवाच जपून ठेवा (प्रश्न १२).

१२. एका ठरावीक प्रतिसादाचा दुवा कसा पाठवायचा? माझ्या दुव्यानं लोक माथ्यावरच जातात.

कारण तुम्ही वरच्या पट्टीतला पत्ता उचलता. प्रत्येक प्रतिसादाच्या तारखेवर, क्रमांकावर किंवा साखळीच्या चिन्हावर त्याचा स्वतःचा दुवा असतो, तो कॉपी करा. त्यात # नंतर आकडा दिसला की समजा बरोबर आहे. असं काही नसेल तर क्रोममध्ये ते वाक्य निवडून उजवी क्लिक करा, निवडलेल्या मजकुराचा दुवा घ्यायचा पर्याय येतो; समोरच्याला तेच वाक्य रंगवलेलं दिसतं.

पत्त्यातल्या पान क्रमांकानं गोंधळू नका. ड्रुपलमध्ये मोजणी शून्यापासून असते, म्हणजे पत्त्यात १ असेल तर ते दुसरं पान. हा आकडा हातानं बदलून थेट सतराव्या पानावर उडी मारता येते, "पुढे" सोळा वेळा दाबायची गरज नाही.

१३. नवीन काही आलं का हे पाहायला दिवसातून दहादा जातो. सवय कशी सोडू?

स्थळाला तुमच्याकडे येऊ द्या. एका धाग्यापुरती ईमेल सूचना लावा. अनेक स्थळांचं एकत्र पाहायचं असेल तर आरएसएस फीड, म्हणजे स्थळावर नवीन आलेलं आपोआप तुमच्या यादीत आणणारी सोय. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये तो फुकट वाचता येतो. फीड वाचायचं गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाल्यापासून लोकांना वाटतं आरएसएसच गेलं. तसं नाही, चालू आहे.

१४. दोनच माणसं भांडून राहतात, शंभर प्रतिसाद त्यांचेच. वगळता येतील?

"दुर्लक्ष करा" किंवा "ब्लॉक" ही सोय बहुतेक ठिकाणी सदस्याच्या पानावर असते. ही गरज नवी नाही. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यासाठी आरएन हा वाचक-प्रोग्रॅम लिहिला, त्यातच नको ते विषय आपोआप गाळणारी "किल फाइल" होती. चाळीस वर्षं झाली, भांडणारे आहेतच. सोय नसेल तर त्यांच्या नावाचा प्रतिसाद दिसताच स्पेसबार.

१५. आमची सगळी चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवरच होते. तिथे काय करायचं?

ग्रुपमधल्या शोधात कॅलेंडरचं चिन्ह आहे, त्यावरून थेट तारखेवर जाता येतं. ग्रुपच्या माहितीत फोटो, कागदपत्रं आणि दुवे वेगवेगळे लावलेले असतात; "ती पीडीएफ" तिथे दहा सेकंदांत सापडते. कामाचा संदेश दिसताच तारांकित करा. आणि ग्रुपमध्ये तुम्हाला उद्देशून काही असेल तर खाली @ चं चिन्ह उमटतं, आधी ते दाबा. सुप्रभातची फुलं आपोआप मागे पडतात.

१६. मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरते. जे-के माझ्याकडे भलतंच करतात.

कारण त्या कळा आधी एनव्हीडीए घेतं. त्याच्या ब्राउझ मोडमध्ये के म्हणजे पुढचा दुवा. इन्सर्ट-स्पेसबारनं फोकस मोडमध्ये गेलात की कळ संकेतस्थळाकडे पोचते, काम झालं की तेच दाबून परत. पण खरं सांगायचं तर एनव्हीडीएच्या स्वतःच्या कळा जास्त भरवशाच्या आहेत: एचनं पुढचं शीर्षक, एननं दुव्यांचा गठ्ठा ओलांडून पुढच्या मजकुरावर, इन्सर्ट-एफ७ नं दुवे आणि शीर्षकांची यादी. ज्या स्थळांवर प्रत्येक प्रतिसाद शीर्षक म्हणून मांडलेला असतो, तिथे नुसत्या एचनं तुम्ही डोळस माणसापेक्षा लवकर पुढे जाल. अर्थात ते मांडणाऱ्यावर आहे, आणि बरेच जण ते करत नाहीत.

१७. दुवा दाबला तर पानच नाही. गेलं काय ते कायमचं?

वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून पाहा. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून पानांच्या प्रती साठवत आलं आहे, २००१ पासून त्या सगळ्यांना पाहता येतात. सगळं मिळत नाही. लॉगिनमागचं तर नाहीच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू आन्सर्स ४ मे २०२१ ला, आणि त्यांच्यासोबत लोकांचं पुष्कळ बोलणं गेलं. म्हणून अतिशय कामाचा धागा असेल तर छपाईच्या पर्यायातून पीडीएफ करून ठेवा. डिस्कोर्समध्ये पत्त्याच्या शेवटी / आणि इंग्रजी 'प्रिंट' जोडलं की बराचसा धागा एकाच पानात मिळतो. उन्हाळ्यात लाइन गेल्यावर हीच पीडीएफ मोबाइलवर वाचता येते.

१८. एआयला अख्खा धागा देऊन सारांश मागितला तर हे सगळं कशाला पाहिजे?

मागा, पण त्यावर फवारणी करू नका. हे शब्दशः म्हणतोय.

एका बागायतदार भाऊंनी संत्र्यावरच्या डिंक्या रोगाचा तीनशे प्रतिसादांचा धागा असाच सारांशाला दिला. धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. खोडाला लावायची बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. आणि फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण: मोरचूद-चुना तेवढंच, पाणी १०० लिटर. सारांशात एकच "बोर्डो द्रावण" झालं, पाणी १० लिटर, "झाडावर द्यावं". दहापट तीव्र! धाग्यात एकानं नेमकी हीच चूक केली होती आणि खाली दुसऱ्यानं ती दुरुस्त केली होती. सारांशात चूक राहिली, दुरुस्ती गळाली.

तेव्हापासून मी सारांश नाही, पत्ता मागतो: "पाण्याचं प्रमाण कोणत्या क्रमांकाच्या प्रतिसादात आहे, आणि त्याला कोणी हरकत घेतली आहे काय?" मग ते दोन-चार प्रतिसाद स्वतः उघडून वाचतो. क्रमांकही कधी कधी चुकीचा येतो. तसं असेल तर उघडताच कळतं.

१९. इतकं करूनही सापडलं नाही. नवा धागा काढू की जुन्यातच विचारू?

जुना धागा वर्षभराच्या आतला आणि प्रश्न तोच असेल तर तिथेच, कारण त्यात आधी बोललेल्यांना सूचना जाते. त्याहून जुना असेल तर नवा काढा आणि जुन्याचा दुवा द्या (कसा, ते प्रश्न १२ मध्ये). काही स्थळांना जुने धागे वर आणलेले अजिबात चालत नाहीत, नियमांचं पान एकदा पाहून घ्या.

शीर्षकात "मदत हवी", "अर्जंट" लिहू नका. उद्या दुसरा कोणी शोधेल तेव्हा त्याला ते शब्द सुचणार नाहीत. "ओव्हरफ्लो होणारा कूलर, फ्लोट बदलूनही पाणी थांबत नाही" असं लिहा. काय काय करून पाहिलं ते सांगा. आणि उत्तर मिळालं, काम झालं, की परत जाऊन दोन ओळी टाका: काय केलं, कोणत्या तारखेला. प्रश्न १ मध्ये आपण ज्या प्रतिसादाची वाट पाहत होतो, तो हाच.